जुन्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर कशा उतरवायच्या?

माझ्या आजीचा आवाज आमच्या घरात एकाच ठिकाणी आहे. काकाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, दोन तास उलटून गेल्यावर, ती उखाणा घेते. ही कॅसेट चिपळूणच्या घरी माळ्यावर पंचवीसेक पावसाळे पडून होती. सापडली तशी मी ती कौतुकानं थेट व्हीसीआरमध्ये घातली आणि तिथेच चुकलो. दोन मिनिटांत पडद्यावर नुसत्या मुंग्या!

कारण होतं बुरशी. म्हणून कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती अजिबात चालवू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते, हेड बंद पडतं आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. मी पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि फीत कोरड्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडातून हातानं हळूहळू पुढे सरकवत पुसली. नाकाला मास्क लावून, घराबाहेर बसून. पण हे मी आधी एका टाकाऊ कॅसेटवर करून पाहिलं होतं. तुमच्याकडे एकच कॅसेट असेल आणि हात बसलेला नसेल, तर जाणकाराकडे द्या.

सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे चालू व्हीसीआर. नवे आता बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, ती शेवटची होती. तेव्हा नातेवाईकांकडे विचारा किंवा जुन्या बाजारात बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतं, पण कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे हेडमध्ये अडकतात. पुसताना ड्रम ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं, आडवं. वर-खाली पुसलं तर हेड तुटू शकतं.

दुसरं, कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्नावर क्रिकेटची मॅच चढणार नाही. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते आणि तिचा ताण सारखा होतो.

आता जोडणी. व्हीसीआरच्या मागची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. या यूएसबी कॅप्चर यंत्रात घालायच्या आणि ते कॉम्प्युटरला लावायचं. सॉफ्टवेअरमध्ये पाल पद्धत, ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम्स निवडा. अमेरिकेहून आलेली कॅसेट असेल तर ती बहुधा एनटीएससी असते. तुमचा व्हीसीआर ती चालवतो का ते आधी बघा. कॅसेट जितक्या वेळाची तितकाच वेळ लागतो, इथे घाई चालत नाही. अगदी स्वस्त यंत्रांत फीत खराब असेल तिथे फ्रेम्स गळतात आणि पुढे ओठ एक, आवाज दुसरा असा प्रकार होतो. म्हणून मी आधी दहा मिनिटांचा तुकडा घेऊन तपासतो.

खरी गफलत होते ती डिस्क बनवताना. दुकानदार तीन तासांची कॅसेट एकाच डीव्हीडीत बसवून देतात. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तीन तास त्यात कोंबायचे तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट मिळतात, आणि व्हीएचएसच्या खरखरीत चित्राला ते पुरत नाहीत. माणसं हलली की चेहऱ्यावर चौकोन उठतात. एका डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त टाकू नका. आमच्या लग्नाच्या दोन डिस्क झाल्या, झाल्या तर झाल्या.

मी कॅप्चर ८ मेगाबिटनं, एमपीईजी-२ मध्ये केलं. तीन तासांची फाइल साधारण ११ जीबी झाली. हीच मूळ प्रत. ती हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवली आणि तिच्यावरूनच डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरनं डीव्हीडी बनवली. टीव्हीवर बघायच्या डीव्हीडीसाठी चित्र इंटरलेस्डच राहू द्या. मोबाईलवर पाठवायची प्रत मात्र हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस करा, नाहीतर हलणाऱ्या हातांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात.

डिस्क कमी वेगानं बर्न करा, फायनलाइज करा आणि दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघा. नुसती सुरुवात बघून समाधान मानू नका. नाव लिहायला डिस्कसाठीचं पेन घ्या, बॉलपेन नको. आणि कॅसेट फेकू नका. माझी आता माळ्यावर नाही, कपाटात उभी ठेवली आहे, सोबत सिलिका जेलची पुडी. उखाण्याच्या जागी चित्र अजून थोडं फाटतं, आवाज मात्र स्वच्छ आला. पुढेमागे चांगला व्हीसीआर हाती लागला की तेवढा भाग पुन्हा उतरवणार आहे.