श्वासमार्गाची साधने : पुनर्वापर की एकवार वापर?



भूल दिलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा राखणे, हे भूलतज्ज्ञाचे पहिले कर्तव्य होय. त्यासाठी वापरलेले साधन धुऊन ठेवावे की टाकून द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता काटकसरीचा वाटतो. मला मात्र त्यात भीती आणि विवेक यांच्यातील झगड्याचा इतिहास दिसतो.

1878 मध्ये ग्लासगो येथे विल्यम मॅकेवेन यांनी केवळ बोटांच्या अंदाजाने तोंडावाटे श्वासनलिकेत धातूची नळी घातली. पहिल्या महायुद्धानंतर मॅगिल यांच्या रबरी नळ्या आल्या. त्या धुऊन पुन्हा वापरल्या जात. 1981 मध्ये लंडनमध्ये डॉ. आर्ची ब्रेन यांनी श्वासनलिकेत न शिरता स्वरयंत्राच्या मुखावर बसणारा लॅरिंजियल मास्क प्रथम वापरला. 1988 पासून तो ब्रिटनमध्ये विकत मिळू लागला. सिलिकॉनचा हा मास्क ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून 40 वेळा वापरण्याची निर्मात्यांची मुभा होती.

20 मार्च 1996 रोजी ब्रिटिश सरकारने गायींच्या मेंदूरोगाशी संबंध असलेला नवा मानवी आजार जाहीर केला. त्यास कारण मानलेली प्रिऑन प्रथिने नेहमीच्या निर्जंतुकीकरणास दाद देत नाहीत. पुढे, धुतलेल्या मास्कवरही प्रथिनांचे अंश उरतात, असे तपासणीत आढळले. एकवार वापराच्या साधनांकडे ओढा वाढला, तो यामुळेच. मात्र त्याच भीतीने जानेवारी 2001 मध्ये इंग्लंडात टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकवार वापराची उपकरणे आणली गेली, तेव्हा रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि डिसेंबरमध्ये जुन्या उपकरणांना पुन्हा परवानगी द्यावी लागली. संभाव्य संकट टाळताना प्रत्यक्ष संकट ओढवले होते.

तिसरा हिशेब पर्यावरणाचा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने 40 वेळा वापरलेला एक मास्क आणि 40 एकवार वापराचे मास्क यांची तुलना केली. हरितगृह वायूंचा भार अनुक्रमे 7.4 आणि 11.3 किलो निघाला. पुनर्वापराच्या मास्कचा मोठा भार धुण्या-वाफवण्याचाच होता, हेही विसरता कामा नये.

म्हणून मला वाटते, जेथे धुण्याची शिस्त चोख आहे, तेथे पुनर्वापर शहाणपणाचा. जेथे ती नाही, तेथे नवे साधनच रुग्णाच्या हिताचे. विद्यार्थी मित्रहो, ती शिस्त राखणारा कर्मचारी रुग्णाला कधी दिसत नाही. पण रुग्णाचा श्वास त्याच्याही हाती असतो.