दख्खनचं पान आणि हकिमाची शंका

भोकरला आमच्या माळदाच्या घरात संक्रांतीच्या सुमारास एक खोली कुणाला वापरायला मिळत नसे. तिथे तुळयांना बांधलेल्या सुतळ्यांवर तंबाखूची पानं टांगलेली असत. दादांनी परसात लावलेली थोडीशीच झाडं, पण त्यांचा थाट मोठा.

ऊन आत येऊ द्यायचं नाही, पानाला पान चिकटू द्यायचं नाही. हवा फार कोरडी झाली की दादी जमिनीवर पाणी शिंपडायची. झटपट वाळलं तर पान हिरवंच राहतं. ओल कोंडली तर बुरशी धरते. महिना-दीड महिन्यात पान पिवळं, मग तपकिरी होई. मधली शीर कट्‌कन मोडली की काम झालं. थोडी तंबाखू दादांच्या चुन्याच्या डबीसोबत जाई, बाकीची दादी मिश्रीसाठी तव्यावर भाजायची. बाजारच्या पुडीला ती हात लावत नसे. म्हणायची, “घर का है, इसमें मिलावट नै.”

हे पान मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगिजांमार्फत ते दख्खनेत आलं आणि दख्खनेतून मोगल दरबारात पोचलं. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतून परतला, तेव्हा त्याने बादशहाला तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नजर केली. खान-ए-आझमने सांगितलं की, ही वस्तू मक्का-मदिनेतही माहीत आहे. दरबारच्या हकिमाने मात्र हरकत घेतली. आपल्या जाणत्यांनी न पारखलेली चीज केवळ फिरंगी वापरतात म्हणून का घ्यायची, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने उत्तर दिलं की, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. युक्तिवादात असद बेग जिंकला. अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही, पण अमीर-उमरावांनी लावली. १६१७मध्ये जहांगीरने मनाई केली, तोवर उशीर झाला होता.

हकिमाला हवी होती ती पारख विसाव्या शतकात झाली. सावलीत संथ वाळताना पानातल्या स्टार्चची साखर होते आणि ती साखरही पान संपवून टाकतं. निकोटीन बरंचसं उरतं. याच काळात पानावरच्या जंतूंमुळे नायट्राइट तयार होतं, आणि त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनतात. म्हणजे आम्ही ज्याला शुद्ध म्हणत होतो, त्यातलं विष बाहेरून कुणी मिसळलेलं नव्हतं. ते आमच्याच माळदाखाली तयार होत होतं.

दादीच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, तेव्हा तिने त्यावरही मिश्रीच लावली. दवाखान्यात नेईपर्यंत गाठ गळ्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी काय खाता विचारलं, तर ती अभिमानाने म्हणाली, घरचंच.

आमच्याकडे मिश्रीला नशा कुणी म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. म्हणूनच सांगतो, तुमच्या घरी दादी-नानी अजून ती लावत असेल, तर आज तिला तोंड उघडायला सांगा. चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर उद्यावर टाकू नका.