टनामागे चाळीस सेंट

आपल्यापैकी बहुतेकांना पेन्शनचा कागद दर तिमाहीला येतो आणि आपण तो न वाचताच बाजूला ठेवतो. माझेही तसेच होते. पुढे युनियनच्या एका पेन्शन फंडासाठी मालकांचे हिशेब तपासण्याचे काम अंगावर आले, तेव्हा एक जुना खटला मुळातून वाचला. वाचताना सारखे वडील आठवत होते. त्यांच्या गिरणीने पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला, पण पुढे भरलाच नाही. त्यांचे हेलपाटे मी पाहिले आहेत.

गोष्ट कोळशाच्या खाणींची. १९४६ साली संप झाला, ट्रुमन सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि खाण कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांनी कल्याण निधी पदरात पाडून घेतला. टनामागे पाच सेंट! पुढच्याच वर्षी टाफ्ट-हार्टली कायद्याने बजावले, की मालकांचा हा पैसा युनियनच्या तिजोरीत नव्हे, स्वतंत्र ट्रस्टमध्येच जायला हवा. १९५० च्या करारात दर तीस सेंट झाला, १९५२ मध्ये चाळीस.

व्हर्जिनियातल्या बेनेडिक्ट कोल कंपनीने यातली काही रक्कम अडवून धरली. म्हणणे असे, की युनियनने करार मोडून संप केले, आमचे नुकसान झाले, ते यातूनच वळते करणार. ट्रस्टी कोर्टात गेले. गंमत म्हणजे ज्यूरीने दोघांचेही खरे धरले. फंडाचे कंपनीकडे ७६ हजार डॉलरांवर येणे, आणि कंपनीचे युनियनकडे ८१ हजारांवर. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा म्हणेल, वजाबाकी करा आणि मोकळे व्हा.

१९६० साली सुप्रीम कोर्टाने ती वजाबाकी नाकारली. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा मथितार्थ असा: निधी साऱ्या धंद्याचा मिळून एक आहे. एकाने कमी भरले तर तो खड्डा बाकीच्या मालकांनी बुजवायचा, नाहीतर पोटाला चिमटा बसायचा खाण कामगारांच्या. करारात तशी मुभा स्वच्छ शब्दांत लिहिली नसेल, तर युनियनचे देणे युनियनकडून वसूल करा. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना हे पटले नाही, त्यांनी विरोधी मत नोंदवले.

तरी सबबी संपल्या नाहीत. तोंडी वेगळेच ठरले होते, युनियनमागे बहुमतच नव्हते, असे म्हणत मालक खटले लांबवीत. अखेर १९८० साली काँग्रेसने पेन्शन कायद्यात कलम घातले: थकबाकीदाराने मूळ रक्कम, व्याज, वर निदान व्याजाइतकी भरपाई आणि फंडाच्या वकिलाची फीसुद्धा द्यायची.

पण थकबाकी आहे हे कळणार कसे? १९८५ साली ट्रक ड्रायव्हरांच्या एका मोठ्या फंडाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ट्रस्टींचा तपासणीचा हक्क मान्य केला. मालक ज्यांना फंडाबाहेरचे म्हणतो, त्यांचेही पगारपट त्यात आले. माझी पोळी त्याच निकालावर भाजली!

एकदा अशाच एका पगारपटात अकरा महिने गाडी चालवलेला माणूस 'हेल्पर' म्हणून लावलेला सापडला. फंडात त्याचे नावच नव्हते. पत्र गेले, वकिलाचे दुसरे पत्र गेले, आणि पैसे व्याजासकट आले. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही.