ओट्झीचं सामान

ट्रेकची यादी करताना मला हमखास ओट्झी आठवतो. ५३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस १९९१ साली आल्प्समध्ये, इटली-ऑस्ट्रिया सीमेवर, बर्फात सापडला. जवळ तांब्याची कुऱ्हाड, गारगोटीच्या पात्याचा सुरा, आग धरायला वाळलेली अळंबी. भूर्जसालीच्या डब्यात मॅपलच्या ताज्या पानांत गुंडाळून निखारे नेण्याची सोय. आपल्याकडे शेजारून विस्तव आणायचे, तसाच हा विस्तव डोंगर चढत होता. धनुष्य मात्र अर्धवट तासलेलं, म्हणजे घडवणं वाटेतही चालूच. माझ्या यादीतलं मला काय घडवता येतं? दोरीची गाठ, फार तर. एवढं सगळं येऊनही ओट्झी वाचला नाही. २००१ साली एक्स-रेत त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं टोक दिसलं. बर्फाची तयारी पुरती होती, मारलं माणसानं.