बुधवार पेठेतला फोटो, न्यू जर्सीतली भिंत: प्रिंट-ऑन-डिमांड सेवा निवडायची कशी?

दगडूशेठच्या मंदिराची रोषणाई, पावसात चकाकणारा लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या ढिगाआड गडप झालेला दुकानदार. बुधवार पेठेत मोबाईल घेऊन तासभर फिरलं तरी असे चार-पाच फोटो हाती लागतात. इन्स्टाग्रामवर टाकले की लाईक येतात आणि कधीतरी खाली कमेंट येते, "प्रिंट मिळेल का? केवढ्याला?" बहुतेकांची गाडी इथेच अडते. एका माणसासाठी प्रिंट काढा, फ्रेम करा, पॅक करा, कुरियरला द्या आणि काच फुटून पोचली तर बोलणीही खा.

ही सगळी उस्तवार दुसऱ्या कुणी करावी म्हणून प्रिंट-ऑन-डिमांड सेवा आहेत. तुम्ही फाइल अपलोड करता. कुणी ऑर्डर दिली की तेव्हाच ती एक प्रत छापली जाते आणि थेट त्याच्या घरी जाते. माल आधी छापून ठेवायचा नाही.

चित्रं छापून विकण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली आणि देवदेवतांची, पेशवाईतल्या मंडळींची रंगीत शिळाछाप चित्रं लोकांच्या भिंतींवर लागली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रं तुफान गाजली, पण छापखाना कर्जात बुडाला आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्याकडे गेला. शिळाछापात एकदम मोठ्या संख्येनं प्रती काढल्याशिवाय परवडत नाही, म्हणजे पैसा आधी अडकतो. डिजिटल छपाईत पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास सारख्याच खर्चात निघते. हौशी फोटोग्राफरला हा व्यवहार शक्य झाला तो यामुळे. त्याची किंमतही आहे: दर प्रतीचा खर्च चढा राहतो आणि नफ्याची फट अरुंद असते.

गिऱ्हाईक राहतं कुठे?

सेवा निवडताना बहुतेक जण आधी डिझाईन, ॲप, रेटिंग बघतात. त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे तुमचा फोटो कुठल्या गावातल्या भिंतीवर लागणार आहे. छपाई त्या गावाच्या जितकी जवळ, तितका टपालखर्च कमी आणि कस्टमची कटकट नाही.

फाइन आर्ट अमेरिका या अमेरिकन सेवेचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक आकाराला कंपनीची मूळ किंमत ठरलेली असते, तिच्यावर तुमचा वाढावा किती हे तुम्ही ठरवता. छपाई, फ्रेम, पार्सल सगळं कंपनी बघते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तुळशीबागेचा फोटो दिवाणखान्यात हवा असेल तर ही सोय उत्तम. पण कोथरूडच्या गिऱ्हाइकानं तोच फोटो तिथून मागवला तर डॉलरमधली किंमत, परदेशी टपाल आणि वर आयात शुल्क. मंदिर चार किलोमीटरवर असताना त्याचा फोटो सातासमुद्रापार छापून आणण्यात अर्थ नाही.

२००६ मध्ये मेलबर्नला सुरू झालेली रेडबबल स्टिकर, टी-शर्ट, पोस्टर असल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथे २०२३ पासून विक्रेत्यांचे स्तर पाडले आहेत आणि खालच्या स्तरावरच्यांच्या कमाईतून खातेशुल्क कापलं जातं. दोन-चार प्रती विकणाऱ्याला ते चांगलंच बोचतं. एकट्या फोटोग्राफीसाठी ती पहिली निवड ठरू नये.

दुसरा प्रकार म्हणजे प्रिंटफुल, जेलॅटो यांसारख्या सेवा. त्या तुमच्यासाठी दुकान उघडत नाहीत. शॉपिफाय किंवा एट्सीवर दुकान तुम्ही थाटायचं, त्या मागच्या दारानं माल पुरवतात. भारतात याच पद्धतीनं तिरुपूरची क्विकिंक आणि चेन्नईची प्रिंट्रोव्ह काम करतात, मात्र त्यांचा मुख्य भर कपड्यांवर आहे. त्यांच्याकडून पोस्टर घ्यायचं असेल तर कागद कुठला, किती जीएसएमचा आणि शाई कुठली, हे आधी विचारून घ्या.

विक्रेता नक्की कोण?

दोन प्रकारांमधला खरा फरक कागदोपत्री आहे. पहिल्या प्रकारात विकणारी कंपनी, तुम्हाला मिळतो तो मोबदला. दुसऱ्या प्रकारात विक्रेते तुम्हीच, त्यामुळे तक्रार, परतावा आणि कर तुमच्या गळ्यात.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे अनेकांना ठाऊक असतं. ती सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे, हे ठाऊक नसतं. पुण्यातून बेंगळुरूला माल विकला की उलाढाल कितीही छोटी असो, साधारणपणे नोंदणी करावी लागते. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडा दिलासा आहे: विक्री राज्यातच असेल तर जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन चालतं. दुकान उघडण्यापूर्वी सीएकडे अर्धा तास घालवलेला बरा.

परदेशी सेवा पैसे बहुधा पेपॅलवरून देतात. त्यासाठी पॅन आणि बँक खातं जोडावं लागतं. अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्मही भरून घेतात. तो टाळू नका, नाहीतर जास्तीचा कर कापला जाऊ शकतो.

हिशेब एकदा कागदावर मांडा

समजा, १२ बाय १८ इंची प्रिंट सेवेकडून ६५० रुपयांना पडते, टपाल १२० रुपये. तुम्ही ती १,२०० ला, टपालासकट विकता. पेमेंट गेटवेचे तीसेक रुपये गेले की हातात ४०० राहतात. बरं वाटतं. आता एक पार्सल चुरगळून पोचलं आणि ते बदलून द्यावं लागलं, की ७७० रुपये गेले, म्हणजे जवळपास दोन ऑर्डरींचा नफा. म्हणून सेवेच्या अटींमध्ये सगळ्यात आधी वाचायचं ते हे कलम: वाटेत खराब झालेली प्रत कोण बदलून देणार, किती दिवसांत कळवायचं आणि पुरावा काय लागतो.

एट्सीवर दर नोंदीला ०.२० डॉलर आणि विक्रीवर ६.५ टक्के कापले जातात, तेही याच हिशेबात धरा. आणि कॅश ऑन डिलिव्हरी बंदच ठेवा. टी-शर्ट परत आला तर दुसऱ्याला विकता येतो, कुणाच्या तरी आजोळच्या वाड्याची प्रिंट कोण घेणार?

फाइल तेवढी मोठी आहे का?

निम्मी निराशा इथे होते. इन्स्टाग्रामवरचा फोटो १०८० पिक्सेल रुंद असतो. चांगल्या छपाईचं प्रमाण इंचाला ३०० पिक्सेल धरलं तर तो जेमतेम साडेतीन इंच रुंद छापता येईल, म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचंही तेच, तिथे फाइल आकसते. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलची मूळ फाइल ४००० बाय ३००० पिक्सेलची असते, ती साधारण १३ बाय १० इंचांपर्यंत छान निघते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २० बाय १३ पर्यंत नेतो. भिंतीवरचा फोटो लांबून बघतात, त्यामुळे इंचाला २०० पिक्सेलही चालून जातात. तरी छायेतल्या भागात मोबाईलचा दाणेदारपणा मोठ्या प्रिंटवर उघडा पडतोच.

आकाराचं प्रमाणही बघा. कॅमेऱ्याचा ३:२ चा फोटो १२ बाय १८ वर नेमका बसतो, ए३ वर कडा कापल्या जातात. मोबाईलच्या ४:३ साठी १२ बाय १६ किंवा १८ बाय २४ बरे. सेवा आपोआप कापते तेव्हा ती कळस आधी कापते, असाच अनुभव येतो.

म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. फुले दांपत्यानं १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. त्या जुन्या वास्तूचा फोटो ज्याच्याकडे फक्त व्हॉट्सॲपवर उरलाय, त्याला तो परत काढता येणार नाही.

कुठलीही सेवा ठरवण्याआधी नमुना प्रत स्वतःच्या पैशानं मागवा आणि तीच फाइल पेठेतल्या किंवा जवळच्या चांगल्या फोटो लॅबमध्येही छापून घ्या. दोन्ही खिडकीपाशी दिवसाउजेडी शेजारी ठेवा. स्क्रीन स्वतःच्या उजेडानं चमकते, कागद चमकत नाही, म्हणून प्रिंट काळपट वाटते. फाइल थोडी उजळ करून पुन्हा छापून बघा. चकचकीत कागद काचेमागे चिकटतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशीही धरते. मॅट किंवा लस्टर कागद आणि काच-कागदात फट ठेवणारी माऊंटची चौकट घेतलेली बरी. अनेकदा पुण्यातल्या गिऱ्हाइकांसाठी ही लॅबच चांगली सेवा ठरते, फक्त पार्सल तुम्हाला बांधावं लागतं.

हा फोटो विकता येतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, उदाहरणार्थ लग्नातला, वेगळा करार नसेल तर त्या माणसाचा. इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पांचे फोटो काढायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. त्यामुळे बेलबागेचं शिखर चालेल. गणेशोत्सवातला देखावा मात्र दहा दिवसांचा असतो, कायमचा नव्हे, आणि तो कुणा कलाकाराची निर्मिती असतो. त्याचा फोटो विकायचा तर मंडळाला आणि कलाकाराला विचारा. मंदिराच्या आत काढलेल्या फोटोसाठी विश्वस्तांना.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि बुधवार पेठेत तर फारच. इथल्या वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया राहतात आणि त्यांचे "वास्तववादी" फोटो काढायची हौस अनेक कॅमेरेवाल्यांना असते. असा फोटो विकू नये. दारात उभी असलेली बाई रस्त्यावरून दिसते म्हणून तिचा चेहरा विकायची परवानगी मिळत नाही. तिच्या गावी, तिच्या मुलांच्या शाळेत काय माहीत आहे हे फोटोग्राफरला ठाऊक नसतं. एकदा फाइल परदेशी साइटवर गेली की ती मग, उशी, फोनचं कव्हर अशा कशावरही छापली जाऊ शकते. लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि जिला जबरदस्तीनं आणलं गेलं ती स्त्री कोणती, हे फोटोवरून कुणालाच कळत नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत, म्हणजे पुस्तकवाला, फुलवाली, ढोलपथकातला वादक, चेहरा ओळखू येत असेल तर लेखी संमती घ्या. मराठीत, चार ओळींची, कशा-कशावर छापलं जाईल हे स्पष्ट लिहून. आणि पहिली प्रिंट त्यांना द्या.

अपलोडचं बटण दाबण्याआधी अटींमध्ये दोन गोष्टी शोधा. कंपनीला दिलेला परवाना एकमेव आहे की तुम्ही तोच फोटो दुसरीकडेही विकू शकता? आणि तुम्ही फोटो काढून टाकलात, किंवा त्यातल्या माणसानं "नको" म्हटलं, तर तो किती दिवसांत सगळ्या वस्तूंवरून उतरतो? उत्तर सापडत नसेल तर कंपनीला मेल करून विचारा आणि उत्तर येईपर्यंत माणसांचे फोटो चढवू नका.