पायडलचा रेडिओ आणि लाल मातीतल्या बाया

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर समुद्रकाठची मोठमोठी शहरं. पण त्या देशाचा मधला बहुतेक भाग कोरडा, लाल मातीचा आणि रिकामा आहे. त्याला तिथले लोक ‘आउटबॅक’ म्हणतात, म्हणजे पार आतला मुलूख. आम्ही दोघं नवरा-बायको गाडी घेऊन या मुलखातून फिरलो. सिडनीहून निघालो, ब्रोकन हिल, मेनिंडी, मरी ही गावं पाहिली आणि मध्यभागातल्या ॲलिस स्प्रिंग्सला पोचलो. वाटेत खाणी, जुने रेल्वेमार्ग, तारघरं, उंटवाल्यांची मशीद असं खूप काही जपून ठेवलेलं आहे. आज त्यातला इतिहास सांगायचा आहे, आणि त्या इतिहासात बाया कुठे होत्या तेही बघायचं आहे.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. सिडनी ते ब्रोकन हिल हेच 1100 किलोमीटरच्या वर. पुढे उडनाडाटा नावाच्या कच्च्या रस्त्याला लागलं की तासन् तास घर दिसत नाही. याच वाटेवर ॲना क्रीक नावाचं गुरांचं कुरण आहे. एकच कुरण, एकच मालकी आणि आकार जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा! तिथे शेजारीण म्हणजे शंभर किलोमीटरवरची बाई. पीठ संपलं म्हणून वाटीभर उसनं मागायची सोय नाही. बाळंतपणाच्या कळा आल्या तर हाक मारायला कोणी नाही. तिथल्या बायकांच्या आयुष्याचा मोठा प्रश्न हे अंतरच होतं.

पहिला मुक्काम ब्रोकन हिल. ही विल्याकाली या मूळ रहिवाशांची भूमी. 1883 साली चार्ल्स रॅस्प नावाच्या माणसाला इथल्या डोंगरात धातूचा साठा सापडला. तो मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर फिरून कुंपण सांभाळायचं काम करायचा. चांदी, शिसं आणि जस्त यांचा तो जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक निघाला. दोन वर्षांत कंपनी उभी राहिली आणि वाळवंटात शहर वसलं. 2015 साली या अख्ख्या शहराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियात असा मान मिळालेलं हे पहिलंच शहर.

खाणीच्या मातीच्या डोंगरावर मेलेल्या खाण कामगारांचं स्मारक आहे. आठशेच्या वर नावं आहेत, आणि मरणाचं कारणही लिहिलेलं आहे. कोणी दरड कोसळून गेला, कोणी खोल पडून गेला. वाचत पुढे जाताना पाय जड होतात. या कामगारांनी संघटना बांधल्या, संप केले. 1919 साली सुरू झालेला संप तर दीड वर्ष चालला. त्यातून जमिनीखाली काम करणाऱ्यांना आठवड्याला 35 तासांचं काम मिळालं. त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी असं होतं. दीड वर्ष पगाराशिवाय चूल कोणी पेटती ठेवली असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

पण याच गावाची दुसरी बाजूही आहे. पुढे कामगार संघटनांनीच असा नियम चालवला की लग्न झालेल्या बाईने गावात नोकरी करायची नाही. नोकरी पुरुषांना, कुमारिकांना आणि विधवांना. मुलगी दुकानात कामाला असेल तर लग्नाच्या दिवशी नोकरी सुटायची. हा नियम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला. कामगारांच्या हक्कासाठी जगात नाव झालेल्या गावात बाईच्या कामाचा हक्क असा अडकून पडला होता. संघटना चांगली असली तरी तिच्यात आपला आवाज नसेल तर आपल्या वाट्याला काय येतं, याचा हा धडा आहे.

ब्रोकन हिलची आणखी एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली. इथे वर्षाला पाऊस जेमतेम 250 मिलिमीटरच्या आसपास. खाणीच्या भट्ट्यांसाठी आणि चुलीसाठी आसपासची झाडं तोडून संपली, उरलेलं मेंढ्या, बकऱ्या आणि सशांनी खाल्लं. मग धुळीची वादळं घरात शिरू लागली. धूळ झाडायची कोणी? बायांनी. दारं-खिडक्यांच्या फटीत कापडं कोंबायची, तरी ताटात माती. 1936 साली अल्बर्ट मॉरिस आणि त्यांची पत्नी मार्गारेट या वनस्पतींचा अभ्यास असणाऱ्या जोडप्याच्या सांगण्यावरून गावाभोवती मोठे पट्टे कुंपण घालून राखायला सुरुवात झाली. काही झाडं लावली, पण मुख्य काम कुंपणाने केलं. जनावरं आत शिरेनात, तसं मातीत दबलेलं बी आपोआप उगवलं. आपण पाणलोटाच्या कामात चराईबंदी म्हणतो ना, तेच हे. 1939 साली अल्बर्ट वारले, काम मात्र थांबलं नाही. तो हिरवा पट्टा आजही गावाला धुळीपासून वाचवतो.

ब्रोकन हिलहून साधारण 110 किलोमीटरवर डार्लिंग नदीच्या काठी मेनिंडी आहे. 1860 साली बर्क आणि विल्स या दोघांची मोठी मोहीम मेलबर्नहून निघून या गावी थांबली होती. देश दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडायचा असा बेत. भरपूर सामान, घोडे आणि मुद्दाम हिंदुस्थानातून आणलेले 24 उंट. हे उंट कराची बंदरातून जहाजावर चढवले होते. आणि कराची तेव्हा कोणत्या कारभारात होती? मुंबई इलाख्यात. म्हणजे मुंबईच्या कागदपत्रांत ज्याचा हिशेब असायचा त्याच मुलखातून हे उंट आणि त्यांचे राखणदार तिकडे गेले.

मोहीम उत्तर किनाऱ्याच्या जवळ पोचली, पण परतताना कूपर क्रीक नावाच्या ओढ्याकाठी अन्न संपलं. तिथे यांद्रुवांधा लोक राहत. त्यांच्या बाया नारदू नावाच्या वनस्पतीचं बी दळून खात. नारदू म्हणजे पाणथळ जागेत उगवणारी, चार पानांची, नेच्याच्या जातीची वनस्पती. पाहुण्यांनीही बी गोळा करून दळून खाल्लं, पोट भरलं, पण अंगातली ताकद जातच राहिली. त्या बियांत जीवनसत्त्व नष्ट करणारा एक घटक असतो. तो जाण्यासाठी बी भाजणं आणि भरपूर पाण्यात कालवणं अशी एक रीत होती, आणि ती न पाळल्यामुळे त्यांचा घात झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. 1861 साली बर्क आणि विल्स दोघेही मेले. त्यांचा साथीदार किंग मात्र वाचला, कारण यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं आणि खाऊ घातलं. मेलेल्या दोघांचे पुतळे झाले. जातं ओढणाऱ्या ज्या बायांना ती रीत ठाऊक होती, त्यांची नावं फारशी कोणी विचारली नाहीत.

उंट मात्र त्या देशात रुळले. 1866 साली शंभरावर उंट आणि त्यांचे राखणदार पुन्हा कराचीहून दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, सरहद्द, अफगाणिस्तान अशा ठिकाणचे हे लोक, पण गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, ‘अफगाण’. पुढची पन्नास-साठ वर्षं लोकर, पीठ, चहा, साखर, घराचे पत्रे, सगळं त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं. दांडगा उंट चारशे किलोच्या वर ओझं नेत असे. 1872 साली देशाच्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सुमारे 3200 किलोमीटरची तार ओढली गेली, त्या कामातही उंट होते.

मरी हे गाव या उंटवाल्यांचं मोठं ठाणं. 1884 साली रेल्वे इथे आली. त्या रेल्वेलाच पुढे त्यांच्या नावावरून ‘घान’ म्हणू लागले. गाव मात्र रुळांनी दोन भागांत तोडलं होतं. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळ रहिवासी. उंटवाल्यांना बायका बरोबर आणता आल्या नव्हत्या. काहींनी मूळ रहिवासी बायांशी लग्न केलं, काहींनी गोऱ्या बायांशी. खजुराची झाडं लावली, मातीची मशीद बांधली. ब्रोकन हिललाही त्यांची पत्र्याची छोटी मशीद उभी आहे, सव्वाशे वर्षांहून जुनी. पण 1901 साली गोऱ्यांशिवाय इतरांना देशात येऊ न देण्याचा कायदा झाला आणि या लोकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. मग मोटार ट्रक आले. 1925 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदा झाला. पुष्कळांनी आपले उंट मारण्यापेक्षा रानात सोडून दिले. आज तिथे लाखो रानटी उंट आहेत, ते त्यांचेच वंशज.

आता येते आमच्या मनात सर्वांत जास्त राहिलेली गोष्ट, रेडिओची. जॉन फ्लिन नावाचे एक पाद्री या मुलखात फिरत. डॉक्टर नसल्यामुळे माणसं मरताना त्यांनी पाहिली होती. त्यांच्या प्रयत्नातून 1928 साली क्लॉनकरी गावातून विमानाने जाणारा डॉक्टर सुरू झाला. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? फोन नाही, वीज नाही. आल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने तोड काढली. खाली सायकलसारखे पायडल, ते मारले की वीज तयार होते, आणि हात मोकळे राहून निरोप पाठवता येतो. 1929 पासून हे पायडलचे रेडिओ एकेका घरी बसू लागले. सुरुवातीला निरोप कट्ट-कडकट्ट अशा खुणांच्या भाषेत पाठवावा लागे. ती भाषा शिकायला वेळ लागतो. म्हणून ट्रेगरने टाइपरायटरसारख्या कळा जोडल्या. अक्षर दाबलं की खूण आपोआप जाते. मग घरातली कोणीही बाई निरोप पाठवू शकली. थोड्याच वर्षांत त्यावरून बोलताही येऊ लागलं.

नुसता निरोप पुरत नाही, औषधही हवं. प्रत्येक घरी औषधांची पेटी दिली. 1942 साली लूसी गार्लिक या परिचारिकेच्या सुचवण्यावरून पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर दिला. डॉक्टर रेडिओवरून सांगायचे, अमुक नंबरची गोळी द्या. औषधाचं अवघड नाव वाचायची गरजच उरली नाही. एका परिचारिकेच्या साध्या सुचवणीने चुका टळल्या.

आणि मग बायांनी त्या रेडिओचं आणखी काही करून टाकलं. डॉक्टरांचं काम संपलं की ठरलेल्या वेळी त्या एकमेकींशी बोलू लागल्या. पाऊस झाला का, बाळ कसं आहे, लोणचं कसं घालतेस. या वेळेला ‘गला’ची बैठक म्हणत. गला म्हणजे थव्याने कलकलाट करणारा तिथला गुलाबी पोपट. नाव थट्टेचं, पण वर्षानुवर्षं दुसऱ्या बाईचा आवाज न ऐकलेल्यांना त्या अर्ध्या तासाची किंमत काय असेल! याच रेडिओवर मुलांना शिकवता येईल, हे ॲडलेड मिथकी या शिक्षिकेला सुचलं. 1951 साली ॲलिस स्प्रिंग्सला हवेवरची शाळा सुरू झाली. आज ती इंटरनेटवरून चालते, पण चालते.

याच काळात बायांचे गटही उभे राहिले. 1922 साली सिडनीत ग्रामीण बायांची परिषद भरली आणि त्यांची संघटना स्थापन झाली. त्यांचं सुरुवातीचं एक काम ऐका. गावाकडून बाजाराला आलेल्या बाईला तालुक्याच्या गावी बसायला, बाळाला पाजायला, शौचालयाला जागा नसे. त्यांनी गावोगावी विसाव्याच्या खोल्या बांधल्या, बाळांचं वजन आणि तब्येत बघायची केंद्रं काढली. आठवडी बाजारात दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बायांना हे काम किती मोठं, ते कळेल.

या कौतुकाला एक काळी कडा आहे, ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ॲलिस स्प्रिंग्सचं जुनं तारघर सुंदर जपलेलं आहे. पण 1932 ते 1942 या काळात त्याच आवारात मूळ रहिवासी आयांची, गोऱ्या बापांपासून झालेली मुलं आणून ठेवली जात. सरकार ती मुलं आईपासून काढून घेत असे. देशभर अशी कितीतरी मुलं नेली गेली. 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. 1902 साली ऑस्ट्रेलियातल्या बायांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं, जगातल्या बहुतेक देशांच्या आधी. मूळ रहिवासी बायांना मात्र तो हक्क सगळीकडे मिळायला 1962 साल उजाडलं. एकाच दगडी भिंतीला दोन आठवणी असतात. पाटीवर कोणती लिहायची, हे लिहिणारा ठरवतो.

मैत्रिणींनो, त्या देशात जुनं तारघर, पायडलचा रेडिओ, औषधाची पेटी हे सगळं जपलेलं दिसतं, कारण कोणीतरी वेळेवर विचारलं आणि लिहून ठेवलं. आपल्या गावात 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या अजून आहेत. कोणत्या कामावर गेल्या, मजुरी किती मिळाली, पोरं कुठे ठेवली, खाल्लं काय, हे त्यांनाच ठाऊक आहे. पुढच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एका आजीला बोलवा. मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा, तिचं नाव, गाव आणि साल वहीत लिहा. ते आमच्याकडे पाठवलंत तर याच रेडिओवरून सगळ्यांना ऐकवता येईल.