अडत, कपात आणि श्रमाचा भाव

नागपूरच्या इतवारीतील धान्यपेठेत, रेल्वे स्थानकाजवळच्या संत्रा मार्केटात आणि आता कळमन्याच्या विस्तीर्ण आवारात ज्या कागदावर कास्तकाराच्या वर्षभराच्या कष्टांचा निवाडा होत आला, त्या हिशेबपट्टीला मी या प्रांताच्या आर्थिक इतिहासातील अव्वल दर्जाचा दस्तऐवज मानतो. पट्टीच्या माथ्यावर विक्रीची एकूण रक्कम असते. तिच्याखाली अडत, दलाली, तोलाई, हमाली अशी एकेक कपात उतरत जाते आणि तळाशी कास्तकाराच्या हाती पडणारा निव्वळ आकडा उरतो. या दोन रकमांमधील अंतर कोणी ठरवावे, ते कोणी सोसावे आणि ते विकणाऱ्यास आगाऊ कळावे की नाही, या तीन प्रश्नांभोवती नागपूर-वऱ्हाडच्या बाजारपेठांचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास फिरत राहिला आहे.

१८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने वऱ्हाडच्या पांढऱ्या पिकाला एकाएकी जागतिक मोल आले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर खुद्द नागपुरातही कापसाला मोठे गिऱ्हाईक उभे राहिले. परंतु बाजार जसजसा दूरवर विस्तारला, तसतसा विकणारा आणि अखेरचा खरेदीदार एकमेकांस अनोळखी होत गेले, आणि त्या अनोळखीपणाच्या पोकळीत अडत्या उभा राहिला.

अडत्याला केवळ शोषक ठरविणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. तो परगावच्या कास्तकाराचा माल उतरवून घेई, गिऱ्हाईक शोधून देई, व्यापाऱ्याकडून पैसे येण्यापूर्वीच रोख रक्कम हाती ठेवी आणि पेरणीच्या दिवसांत उचलही देई. म्हणजे उधारीची जोखीम तो स्वतःच्या शिरावर घेत असे आणि त्या जोखमीचे मोल मागण्याचा त्याला हक्क होता. दुखणे होते ते मोल मागण्याच्या रीतीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची हत्ता पद्धत चालू असल्यामुळे आपल्या मालाचा भाव मालधन्यालाच ऐकू येत नसे. वजनात कडता धरला जाई. आणि धर्मादायाच्या नावाने जी रक्कम कापली जाई, तिचे पुण्य कोणाच्या खाती जमा होते हे विचारण्याची त्याची प्राज्ञा नसे.

या अनिर्बंध व्यवहारास कायद्याची मर्यादा घालण्याचा प्रयत्न देशात प्रथम वऱ्हाडातच झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने स्मरली पाहिजे. १८८६ साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. त्यान्वये दलाल व मापारी यांना परवाने मिळू लागले आणि बाजारखर्चाचे दर नियमांत बसविले गेले. मात्र बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले. १९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने सर्व प्रांतांत नियंत्रित बाजारांची शिफारस केल्यानंतर मध्य प्रांतात १९३२ साली कापसासाठी आणि १९३५ साली इतर शेतमालासाठी कायदे झाले, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ च्या कायद्याने हीच परंपरा पुढे चालविली. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. परंतु अडत देणारा खरेदीदार बोली लावताना तेवढी रक्कम आधीच मनाशी वजा करू शकतो, म्हणून कपातीचा भार अखेरीस कोणावर पडतो हे कागदावरील नावापेक्षा भाव सांगण्याच्या सामर्थ्यावर अधिक अवलंबून असते.

हा इतिहास आज नव्याने वाचण्याचे कारण असे की, नागपुरात घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांसाठी संकेतस्थळे रचणारे, चित्रे काढणारे आणि लेखनाची कामे करणारे तरुण ज्या बाजारात उभे आहेत, तोही अडतीचाच बाजार आहे. ‘फायव्हर’ हा मंच काम करणाऱ्याच्या मोबदल्यातून २० टक्के कापतो. ‘अपवर्क’ने २०१६ पासून एकाच गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पहिल्या ५०० डॉलरांवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरांपर्यंत १० आणि त्यापलीकडे ५ टक्के असा उतरता दर ठेवला होता, आणि २०२३ साली तो सरसकट १० टक्के केला होता. गिऱ्हाईक मिळवून देणे, रक्कम आगाऊ अनामत ठेवून घेणे, तंटा झाल्यास मध्यस्थी करणे, ही या मंचांची कामे अडत्याच्या कामांहून जातीने निराळी नाहीत.

येथे हिशेबाची एक चूक फार सर्रास होते. ज्याला हाती १,००० रुपये हवेत, तो २० टक्के कपात भरून काढण्यासाठी २० टक्के वाढवून १,२०० रुपये सांगतो; पण कपात वाढीव रकमेवर होत असल्यामुळे २४० रुपये जातात आणि ९६० च उरतात. शंभरातून कपात वजा करून जे उरते, त्याने इच्छित रकमेला भागून शंभराने गुणावे, हा खरा मार्ग: येथे १,००० ला ८० ने भागून शंभराने गुणले की १,२५० येतात. समजा, मंचाच्या १० टक्क्यांनंतर चलनबदल व बँक यांत आणखी ३ टक्के गेले, तर हाती रुपयातले ८७.३ पैसेच उरतात आणि भाव सुमारे १,१४६ रुपये सांगावा लागतो. शिवाय मिळू न शकलेल्या कामांच्या प्रस्तावांवर खर्ची पडलेला वेळ कोणत्याच पट्टीत लिहिला जात नाही. तोही भावात धरणे अवश्य आहे.

जुन्या कास्तकाराला हा हिशेब मांडता आला असता तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण पिकाचा भाव तो स्वतः सांगूच शकत नव्हता. त्याच्या वतीने कायद्याला कपाती उजेडात आणाव्या लागल्या आणि त्यासाठी अर्धे शतक खर्ची पडले. आजच्या श्रमिकापुढे कपातीचा दर उघड छापलेला असतो आणि भाव सांगण्याचा अधिकार, स्पर्धेने कितीही आकुंचित झालेला असला, तरी त्याच्याच हाती असतो. म्हणून निव्वळ रकमेपासून आरंभ करून एकूण भावापर्यंत चढत जाण्याची शिस्त त्याने पहिल्याच कामापासून अंगी बाणवावी. ज्या दोन गोष्टींवाचून या प्रांतातील कास्तकारांच्या पिढ्या नाडल्या गेल्या, त्या आयत्या हाती असताना हिशेबाच्या आळसापायी स्वतःचे श्रम स्वस्तात विकणे हा त्या पूर्वजांवरही अन्याय आहे.